दिनविशेष : २९ नोव्हेंबर
२०१७ : कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याने आय-लीग या फुटबॉल स्पर्धेत दोन गोल केले. वय अवघे १७. गोव्यात बांबोळीच्या मैदानावर इंडियन ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले. ॲरोज म्हणजे बहुतांशी दिल्लीत आदल्याच महिन्यात १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेली पोरे. तिथे अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही हार पत्करावी लागली होती. लीगमध्ये मात्र पहिल्याच सामन्यात त्यांनी मुरलेल्या व्यावसायिकांना पाणी पाजले. अनिकेतची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतली. पुढे तो इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेला आणि २०१९मध्ये जमशेदपूर एफसीत दाखल झाला. तालमी आणि फुटबॉल, दोन्हींचे वेड असलेल्या कोल्हापूरला याचे फारसे नवल वाटले नसावे.