शीड गेलं, इंजिन आलं : एका हेड गॅस्केटची गोष्ट

आजचा भाग रेवदंड्याच्या खाडीतून.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. एका जुन्या मच्छीमार बोटीच्या इंजिनाशेजारी मी वाकून बसलो होतो. सहा सिलिंडरचं डिझेल, तीसेक वर्षं वापरलेलं. मेस्त्रींनी थंड इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं आणि स्टार्टर मारला. लगेच टाकीत बुडबुडे उठायला लागले. पाणी तर अजून गारच होतं!

"नाखवा, हेड गॅस्केट गेलंय."

"मग गॅस्केट टाका नि द्या मोकळी करून. सण आलाय."

मेस्त्री मान हलवून म्हणाले, "का गेलं ते बघितल्याशिवाय नाही."

हा वाद समजायला थोडं मागे जाऊया. याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांची गलबतं आणि गुराबं शिडावर चालायची. कोळ्यांच्या होड्याही शिडावर आणि वल्ह्यावरच. वारा पडला की मासळी होडीतच खराब व्हायची.

तिकडे जर्मनीत रुडॉल्फ डिझेलने 1897 साली ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटलं पाहिजे. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पुढच्या दशकांत सरकारी कर्ज आणि सहकारी सोसायट्यांच्या आधाराने किनाऱ्यावरच्या होड्यांत इंजिनं बसली. वाऱ्याची वाट न बघता मासळी ससून डॉकला पोचायला लागली. कमाई वाढली, तसे कर्जाचे हप्तेही आले.

आणि एक नवीन परावलंबन आलं. त्या दिवशी धक्क्यावर बसलेले म्हातारे तांडेल मला म्हणाले, "शीड फाटलं तर आम्ही होडीतच शिवायचो, पोरा. हे काय शिवणार?"

आता हे गॅस्केट म्हणजे काय? इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ पत्रा. जुन्या गॅस्केटमध्ये तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. एकाच वेळी जळता गॅस, पाणी आणि ऑइल आपापल्या वाटेने ठेवायचं, हे त्याचं काम. डिझेलमध्ये दाब जास्त, त्यामुळे ताणही जास्त. ते फुटलं की गॅस पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येतात. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पांढरा धूर. ऑइलमध्ये गेलं तर डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग. शेजारच्या दोन सिलिंडरमधली भिंत तुटली तर इंजिन अडखळतं. आणि मित्रांनो, गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

मेस्त्रींनी पाणी काढलं, नळ्या आणि इंजेक्टर सोडवले. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल केले. हेड खाली आलं. दोन सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून काळं पडलेलं! मग हेडवर सरळ पट्टी आडवी धरून तिच्याखाली फीलर गेज सरकवला. मधे फट होती. हेड वाकलं होतं. अशा हेडखाली नवं गॅस्केट टाकलं असतं, तर तेही टिकलं नसतं.

पण वाकलं का? तापल्यामुळे. तापलं का? कूलर खोलला तर आतल्या नळ्या खाऱ्या पाण्याच्या थराने चोंदलेल्या. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या रबरी चक्राची दोन पाती तुटलेली. आत येणाऱ्या पाण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी. खरा गुन्हेगार तिथे बसला होता!

हेड वर्कशॉपला गेलं. तडा नाही ना ते तपासलं, मग फेस करून घेतलं. कूलर साफ झाला, चक्र नवं आलं. नवं गॅस्केट कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर ठेवलं. बोल्ट या वेळी मधून कडेकडे, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळले. टॅपेट लावले, ऑइल बदललं, डिझेल लाइनमधली हवा काढली. इंजिन एकदा तापवून, थंड करून बोल्ट पुन्हा तपासले, जुन्या इंजिनाला ते लागतंच.

या सगळ्यात पौर्णिमा गेली. नारळ वाहून बाकीच्या बोटी बाहेर पडल्या. आमचे नाखवा धक्क्यावर गप्प उभे होते. पहिल्या फेरीचा भाव गेला, हप्ता मात्र थांबत नाही.

चार दिवसांनी बोट निघाली. तांडेलकाका काठावरून बघत होते. पूर्वी ते वारा बघायचे, त्या दिवशी धूर बघत होते. धूर स्वच्छ होता.

"जाईल आता," ते म्हणाले.

ही वाऱ्याची विद्या धुरावर कशी आली, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा अशा धक्क्यावर जास्त कळतं. तुमच्या गावात शिडाच्या होड्या आठवणारं कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!