डिजिटल गिटार अँपचे प्रीसेट: गेन आणि टोन कसा सेट करायचा?

घरी हेडफोनवर भारी वाटणारा प्रीसेट बँडसोबत वाजवायला गेलं की गायब होतो. माझ्या पहिल्या रिहर्सलला ड्रमरने गाणं थांबवून विचारलं होतं, "तू वाजवतोयस ना रे?" मी वाजवत होतो, व्हॉल्यूमही बराच वाढवला होता. गडबड व्हॉल्यूमची नव्हती, गेन आणि टोनची होती.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

गिटारचा सिग्नल अँपमध्ये किती जोरात ढकलायचा, हे गेन ठरवतो. मर्यादा ओलांडली की वेव्हची टोकं चपटी होतात आणि नवे हार्मोनिक्स तयार होतात. हेच डिस्टॉर्शन. डिजिटल अँप हेच काम गणिताने करतं. पण टोकं चपटी झाली की हळू आणि जोरात मारलेल्या स्ट्रोकमधला फरकही पुसला जातो. म्हणून जास्त गेनचा आवाज एकटा ऐकताना जाडजूड वाटतो, पण ड्रम्ससोबत त्याची धार जाते.

हंबकर पिकअपचं आउटपुट साधारणपणे सिंगल कॉइलपेक्षा जास्त असतं. त्यामुळे एकच प्रीसेट दोन गिटारवर वेगळा वाजतो.

कान कसा फसवतो?

कमी आवाजात आपल्याला खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे घरी आपण बेस-ट्रेबल वाढवतो आणि मिड कमी करतो. रिहर्सलमध्ये आवाज वाढला की तो बेस, बेस गिटार आणि किक ड्रममध्ये मिसळून जातो, ट्रेबल कानाला टोचतो. गिटार मुख्यतः मिडमध्ये ऐकू येते आणि तोच आपण काढून टाकलेला असतो.

सेटिंग या क्रमाने करा

१. इनपुट: सगळ्यात जोरात वाजवा. क्लिपचा लाल दिवा लागत असेल तर इनपुट कमी करा. इथे फाटलेला आवाज पुढे कशानेच नीट होत नाही.

२. रिव्हर्ब, डिले बंद करा. ते चुका झाकतात.

३. गेन: शून्यापासून वाढवत न्या. हवा तेवढा आला की थोडा मागे घ्या. आता गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. आवाज थोडा स्वच्छ व्हायला हवा. जराही फरक पडला नाही, तर गेन बहुतेक जास्त आहे. (मेटल वाजवत असाल तर गोष्ट वेगळी.)

४. टोन: बेस, मिड, ट्रेबल ५ वर ठेवून सुरुवात करा. पण ५ म्हणजे 'फ्लॅट' नाही. फेंडर ट्विन रिव्हर्बसारख्या अँपचं सर्किट ५ वरही मिड बराच कापतं आणि मॉडेलमध्ये तेही उतरतं. आवाज गढूळ वाटला तर आधी बेस कमी करा, मग मिड वाढवा. ट्रेबल सगळ्यात शेवटी.

५. कॅबिनेट: गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा आवाज गाळतो. म्हणून हेडफोनवर किंवा पीए सिस्टिमवर कॅब सिम्युलेशन चालू हवं, नाहीतर माशी घोंघावल्यासारखं ऐकू येईल. खऱ्या गिटार अँपच्या स्पीकरमधून वाजवताना मात्र ते सहसा बंद ठेवा.

६. लेव्हल: जास्त मोठा आवाज आपल्याला आपोआप चांगला वाटतो. म्हणून दोन प्रीसेटची तुलना करताना लेव्हल सारखी करून घ्या. त्यासाठी 'चॅनल व्हॉल्यूम' किंवा 'आउटपुट लेव्हल' वापरा. काही मॉडेल्समध्ये 'मास्टर' फिरवला की पॉवर अँपचं डिस्टॉर्शनही बदलतं.

झालं की नव्या नावाने सेव्ह करा, मूळ प्रीसेट तसाच राहू द्या. शेवटची तपासणी मात्र रिहर्सलच्या आवाजातच, सगळे वाजवत असताना करा. तिथे ऐकू आला नाही, तर आधी व्हॉल्यूमला हात लावू नका. गेन थोडा कमी आणि मिड थोडा जास्त करून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.