मज्जारज्जूची दुखापत: पेशींना आधार देणारं जैवसाहित्य म्हणजे काय?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओळखीचे एक काका झाडावरून पडले. मज्जारज्जूला इजा झाली, कमरेखालची हालचाल गेली. "स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी शेत विकू का?" त्यांनी मला विचारलं. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

नुसत्या पेशी का टिकत नाहीत?
इजेच्या जागी सूज येते, पोकळी होते, भोवती व्रणाची भिंत तयार होते. तिथे नुसत्या पेशी सोडल्या तर बहुतेक मरतात किंवा इकडेतिकडे पसरतात.

जैवसाहित्य काय करतं?
वेलाला मांडव लागतो, तसा पेशींना आधार लागतो. कोलॅजन, अल्जिनेट किंवा फायब्रिनचं मऊ जेल पोकळी भरतं आणि पेशींना धरून ठेवतं. आपल्याकडच्या रेशीम कोषातलं फायब्रोइन हे प्रथिनही असंच उपयोगी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यापासून हाडांसाठी सच्छिद्र साचे बनले. मज्जारज्जूचं काम जास्त अवघड, कारण तिथे चेतातंतू योग्य दिशेने वाढून पुन्हा जोडले जायला हवेत.

मग आज काय करायचं?
हे सगळं अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या दुखापतीसाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया'च्या संकेतस्थळावर पाहता येते.

काकांना म्हटलं, शेत राहू द्या. फिजिओथेरपी, वेळोवेळी कूस बदलणं, लघवीच्या नळीची स्वच्छता, यात कसूर करू नका.