शब्दवेध : टॅब्लॉइड

सनसनाटी बातम्या, ठळक मथळे आणि नामवंतांच्या खासगी आयुष्याची चर्चा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकी वृत्तपत्रांना लावला जाणारा ‘टॅब्लॉइड’ हा शब्द मूळचा औषधनिर्मितीच्या व्यवसायातला आहे. सायलस बरोज व हेन्री वेलकम या दोन अमेरिकनांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या बरोज वेलकम कंपनीने 1884 मध्ये आपल्या दाबून घट्ट केलेल्या औषधी गोळ्यांसाठी हे व्यापारचिन्ह नोंदवले. ‘टॅब्लेट’ म्हणजे वडी आणि ‘ऑइड’ हा ‘च्यासारखा’ या अर्थाचा ग्रीक मुळाचा प्रत्यय, अशी त्याची घडण आहे.

गोळी अल्पावधीत इतकी लोकप्रिय झाली, की कोणत्याही गोष्टीच्या आटोपशीर रूपाला हा शब्द लावला जाऊ लागला. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राचे मालक जोसेफ पुलित्झर यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी 1 जानेवारी 1901 रोजी त्या पत्राचा निम्म्या आकाराचा, संक्षिप्त बातम्यांचा अंक काढला, तेव्हा हा शब्द पत्रकारितेशी जोडला गेला. कंपनीने 1903 मध्ये लढवलेल्या खटल्यात न्यायालयाने औषधांपुरता तिचा हक्क राखला; मात्र शब्दाला ‘संक्षिप्त’ असा दुय्यम अर्थ आल्याचेही मान्य केले.

पुढे 1919 मध्ये निघालेल्या न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’सारख्या सचित्र पत्रांमुळे आकारवाचक शब्द वृत्तिवाचक झाला. म्हणूनच लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने 2003 मध्ये आणि ‘टाइम्स’ने त्यानंतर तोच लहान आकार स्वीकारताना स्वतःला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणवून घेणे पसंत केले.