रोजगार हमी योजना, महाराष्ट्र

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीला मागणीनुसार काम पुरवण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. ‘रोहयो’ हे तिचे लघुरूप आणि ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा सर्वपरिचित आहे. दुष्काळात सरकारने कामे काढायची, ही प्रथा इंग्रजी अमलापासून चालत आली होती. रोहयोने त्या प्रथेचे हक्कात रूपांतर केले, आणि त्या हक्कासाठी लागणारा पैसा प्रामुख्याने शहरातून उभा केला. शहरातील पगारदार, व्यावसायिक आणि दुकानदार यांनी कर भरायचा व त्यातून खेड्यातील मजुराची मजुरी भागवायची, अशी ही रचना. शहर आणि खेडे यांतील दरी बुजवण्याच्या घोषणा राज्यात पुष्कळ झाल्या. दोन्ही टोकांना एकाच हिशेबात बांधणारी इतकी सरळ तरतूद मात्र विरळाच.

त्याआधी हे नाते घराघरांतून चालत असे. कोकणातला आणि घाटावरचा चाकरमानी मुंबईच्या गिरणगावात राबायचा, बायकामुले गावी असायची, आणि महिन्याला मनीऑर्डर जायची. पण ही सोय सर्व महाराष्ट्राला नव्हती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. तेथील फार थोड्या घरांतला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत होता. रोहयो म्हणजे, ज्यांचे मुंबईत कोणी नव्हते त्यांच्याही घरी पोहोचलेली राज्याची मनीऑर्डर होय.

योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. गांधीविचारांचे पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. भूमिहीन व अल्पभूधारक माणसाला वर्षातले कित्येक महिने हाताला काम नसते, आणि गावात माती अडवण्याची, पाणी जिरवण्याची कामे मात्र पडून असतात. या दोन रिकाम्या गोष्टी जोडाव्यात, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी कल्पना उचलून धरली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात ग्रामीण बांधकामांतून रोजगार पुरवण्याचा आग्रह धरला होता, त्यामुळे पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांचे पाठबळही विचाराला मिळाले.

१९७२ मध्ये योजना राज्यभर सुरू होत होती, तोच दुष्काळाने तिला गिळले. सलग कमी पावसानंतरचे ते वर्ष होते. साधी योजना बाजूला ठेवून सरकारला दुष्काळी कामे काढावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, उन्हात झोळीत निजवलेली पोरे, वाटली जाणारी सुकडी या आठवणी त्या पिढीने पुढे आयुष्यभर सांगितल्या. त्याच दिवसांत मुंबईत धान्य, तेल आणि रॉकेल यांच्या टंचाईने मध्यमवर्ग बेजार झाला होता. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर नेत्यांच्या महागाईविरोधी समितीने काढलेले लाटणे मोर्चे हे उपनगरांतल्या चाळी व वसाहतींमधील गृहिणींचे आंदोलन होते. एकाच दुष्काळाची झळ माळरानावर आणि गॅसशेगडीपर्यंत अशी एकदम पोहोचल्यामुळे पुढच्या कराला शहरातून फारसा विरोध झाला नाही. यात सहानुभूती होती तशी धास्तीही होती: गावात काम मिळाले नाही तर ही माणसे मुंबईच्या फुटपाथवर येतील, हा हिशेब उघडपणे मांडला जात असे. कायद्यामागचा हेतू निर्मळच असला पाहिजे, असे मानण्याचे कारण नाही.

१९७४ पासून योजना पुन्हा मार्गी लागली आणि १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ‘पी.टी.’ ती हीच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराला वार्षिक कमाल मर्यादा आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० ही परिचित कपात त्या मर्यादेत बसवलेली आहे. १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी निधी स्थापन झाला. त्यात व्यवसाय कराखेरीज मोटार वाहनांवरील व विक्रीवरील वाढीव कर, बागायत जमिनीवरील आकारणी आणि शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरील उपकर यांचे उत्पन्न जमा व्हायचे. जेवढी वसुली तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. महापालिकेच्या मालमत्ता करबिलात दुकाने व कार्यालये यांच्या नावे ‘रोजगार हमी उपकर’ अशी ओळ असते, ती याचीच. व्यवसाय कराचा मोठा भाग अर्थातच मुंबईतून येई. तो भरणाऱ्यांपैकी कितीजणांना पैसा कुठे जातो हे ठाऊक होते, हा निराळा प्रश्न. पगारचिठ्ठीवर फक्त दोन अक्षरे छापण्याऐवजी त्यामागचे कारण छापले असते, तर करदाता योजनेचा पहारेकरी झाला असता. ते कधी झाले नाही.

मजुराने नोंदणी करायची, कामाची लेखी मागणी द्यायची, पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देणे सरकारवर बंधनकारक. भत्त्याची रक्कम नाममात्र, तीही क्वचितच कोणाला मिळाली. पण त्या कलमामुळे मजूर तहसीलदारासमोर अर्जदार म्हणून न जाता दावेदार म्हणून उभा राहू शकला. किमान पन्नास मजूर जमल्याशिवाय नवे काम निघत नसे, त्यामुळे मागणी आपोआप एकत्रित होई. संघटना वाढल्या त्या या अटीच्या आधारे: तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याची श्रमिक संघटना, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात कष्टकरी संघटना. मजुरी दिवसावर नव्हे तर मोजमापावर ठरे. किती घनमीटर खोदले, किती खडी फोडली, यानुसार दर. बाईला आणि पुरुषाला तोच. शेतावर बाईची मजुरी उघडपणे कमी असण्याच्या काळात ही मोठी गोष्ट होती. मजुरांत बायकांचे प्रमाण साधारण चाळीस टक्के आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त राहिले. मोजमापाची टेप, हजेरीपट आणि मुकादम या तीन ठिकाणी पैसा मुरत असे, हेही तितकेच खरे. हजेरीपटावरची खोटी नावे हा विधिमंडळाच्या रोजगार हमी समितीपुढे वारंवार आलेला विषय.

कामांत पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण आणि रस्ते यांचा भरणा. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये एक अडचणीचे निरीक्षण मांडले: मजुरी भूमिहीनाला मिळते, पण तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीत उतरते तो जमीनवाला असतो, बागायतदाराने योजनेला विरोध केला नाही, त्याचे एक कारण हे. निरीक्षण मार्मिक आहे, पण पुरते नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात खडी फोडण्याला नकार देऊन दुष्काळ हटवणारी कामे मागितली, म्हणजे मजुरांनाही हे दिसत होते. १९९० पासून फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली, तेव्हा खासगी शेतावरचा खर्च उघडपणेच रोहयोतून होऊ लागला. कोकणातील आंबा व काजू आणि सांगोल्याकडचे डाळिंब यांच्या विस्ताराला तिचा हातभार लागला. वैयक्तिक विहिरींचेही तसेच. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा अखेर मुंबईच्याच बाजारात फळ होऊन आला, असे म्हणता येते. मात्र भूमिहीन या वळणावर मागे पडला.

१९८८ मध्ये रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. वाढ न्याय्य होती. परंतु त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. मजुरी परवडत नाही म्हणून नवी कामे काढणेच यंत्रणेने कमी केले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हमी कागदावर तीच राहिली. १९९० च्या दशकात व्यवसाय कराची वसुली वाढत गेली आणि योजनेवरचा खर्च त्या मानाने मागे राहिला. कराचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण गरजांत मिसळला. योजनेचा खरा कणा येथे वाकला. कर राहिला, पण त्याचा मजुराशी असलेला संबंध सैल झाला. स्थलांतर थांबवण्याच्या दाव्याचेही असेच झाले: बीड, अहिल्यानगर या भागांतील ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन जातच राहिले, कारण साखर कारखान्याची उचल हातात रोख पडते आणि रोहयोचा पगार आठवडे अडकतो.

२००५ चा केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिला, हे सर्वमान्य आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील २०० जिल्ह्यांत, आणि त्यांत राज्यातील १२ जिल्ह्यांत, तो सुरू झाला. एप्रिल २००८ पासून सर्वत्र. त्यात वर्षाला प्रत्येक कुटुंबाला १०० दिवसांची मर्यादा होती, जी महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात नव्हती. शंभर दिवसांवरच्या कामाचा भार राज्याने उचलायचा असे ठरले. मजुरीचा मुख्य भार केंद्रावर गेल्यामुळे मुंबईचा पगारदार आणि मोखाड्याचा मजूर यांना जोडणारा राज्यांतर्गत धागा आणखी पातळ झाला. देशाला आदर्श दिल्याचा अभिमान राज्यात सांगितला जातो, पण ज्या पैशाच्या रचनेमुळे तो आदर्श ठरला ती कोणी उचलली नाही.

या हमीतली सर्वांत मोठी फट उपनगरांत आहे. मूळ योजना ग्रामीण भाग आणि ‘क’ वर्ग नगरपालिका एवढ्यापुरती. केंद्रीय कायदा केवळ ग्रामीण. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची ४५ टक्के लोकसंख्या नागरी, आणि त्या नागरी महाराष्ट्राचा बराच भाग कालपर्यंत गाव होता. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१६ मध्ये पनवेल. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे १९८३ मध्ये घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अधिसूचना निघाली की त्या गावचा मजूर हमीतून बाहेर पडतो, मग त्याच्या घरापुढचा रस्ता मातीचाच असो. तो सकाळी नाक्यावर मुकादमाची वाट पाहत बसतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायतच नाही, त्यामुळे आरेतल्या वारली पाड्यांना हा कायदा कधीच लागू झाला नाही. केरळने २०१० मध्ये अय्यंकाळी यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. ज्या राज्याने शहराचा कर खेड्यात नेला, त्या महाराष्ट्राने तोच कर शहराच्या कडेवरच्या मजुरासाठी वापरणारा कायदा केलेला नाही. दरम्यान व्यवसाय कराची २,५०० रुपयांची घटनात्मक मर्यादा १९८८ पासून जागची हललेली नाही. महिन्याला पाच लाख घेणारा आणि तीस हजार घेणारा पुरुष कर्मचारी आजही सारखाच कर भरतात.