दूधभावाची अडचण

पुरंदरावर 14 मे 1657 रोजी संभाजीराजे जन्मले आणि आई सईबाईंची तब्येत ढासळली. कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळाला अंगावर पाजलं, त्यांचे मुलगे संभाजीराजांचे दूधभाऊ झाले. 5 सप्टेंबर 1659 ला सईबाई गेल्या. बाळंतीण आजारी पडली की आपल्याकडची सोय ही अशी: आई अंथरुणावर, बाळ दुसरीच्या पदराखाली.

शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. तिचं कूळ मी बेधडक धाराऊंशी नेऊन भिडवतो. फरक एवढाच की धाराऊंना नाव होतं. पेढीत बहुधा तिघीचौघींचं दूध एकत्र होतं, 62.5 अंशांवर अर्धा तास तापतं आणि कोणाचं कोणाला गेलं हे बाळाच्या घरी कळत नाही.

आता अबू धाबीतल्या आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत या. मुसफ्फ्याला लागून असलेल्या या वस्तीत मराठी घरं आहेत, पण अशी पेढी शोधू नका. कारण इस्लामी कायद्यात लग्नापुरता दूधभाऊ म्हणजे सख्खा भाऊ. दूधबहिणीशी लग्न निषिद्ध. किती वेळा पाजलं म्हणजे नातं जडतं, यावर पंथांचं जमत नाही: कुठे पाच वेळा, कुठे एकदाही पुरे. पण पाजणारी कोण हे माहीत हवंच. म्हणून डिसेंबर 1985 मध्ये जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने मुस्लिम देशांत अशा पेढ्या नकोत असा ठराव केला. शीवची पेढी निघण्याच्या चार वर्षं आधी!

माझा तर्क असा: अनोळखी दूध चालत नाही, म्हणून आजारी आईलाच बाळाजवळ आणणं भाग पडतं. यावर कोणी म्हणेल, पेढी नाही म्हणून आई कुठली येते, पावडरचा डबा येतो. घाव वर्मी आहे. दुसरा म्हणेल, आजारी बाळाजवळ आईला ठेवण्याची रीत 1979 मध्ये टॅलिनला डॉ. अदिक लेविन यांनी पाडली, तीही परिचारिका कमी पडल्या म्हणून. तेही खरं. तरी 2014 च्या जानेवारीत इथल्या फेडरल नॅशनल कौन्सिलने बालहक्क विधेयकात दोन वर्षं अंगावर पाजण्याची सक्ती मंजूर केली, आणि आईला जमत नसेल तर दाई मिळावी अशी चर्चा झाली. दाईला चेहरा असतो, बाटलीला नसतो. म्हणून तर्क मी सोडत नाही.

आजारी आईकडून पाजून घेण्याचं काम प्रत्यक्षात साधंच आहे. आईच्या हाताला सलाईन, उठायचं त्राण नाही. परिचारिका तिला कुशीवर वळवते, पाठीला उशी लावते, बाळ छातीशी धरून ठेवते. आई शुद्धीवर नसेल तर दर दोन-तीन तासांनी दूध काढावं लागतं, नाहीतर पान्हा आटतो. ते वाटी-चमच्याने बाळाला जातं. टायफॉइड, मलेरियात पाजायला हरकत नसते. क्षयातही आईवर उपचार आणि बाळाला प्रतिबंधक औषध सुरू करून पाजता येतं. केमोथेरपीत मात्र थांबावं लागतं. कोविडच्या पहिल्या लाटेत चीनमधल्या डॉक्टरांनी बाळांना वेगळं काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने मास्क लावून जवळच ठेवा म्हटलं.

तेव्हा आखातात बाळंतपण करणार असाल, तर नाव नोंदवतानाच हॉस्पिटलला विचारा: आई आयसीयूत गेली तर बाळ कुठे ठेवता, आणि दूध काढून कोण देतं? उत्तर लेखी घ्या.