नमन-खेळ्यांचा वेष : अंगणातून रंगमंचाकडे

रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या दिवसांत गावोगाव होणारे नमन-खेळे, म्हणजे देवदेवतांना वंदन करून पुढे गण, गवळण आणि एखादे आख्यान किंवा वग नाचून-गाऊन दाखवणारे लोकनाट्य, हे या भूमीचे स्वतःचे नृत्यनाट्य होय. आणि त्याची वेषभूषा नाचाच्या व जागेच्या गरजेतून पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली आहे.

मृदंगाच्या तालावर पावले टाकणाऱ्या खेळ्यांचा जुना वेष म्हणजे पांढरा, पायघोळ व घेरदार झगा, कमरेला शेला, डोक्यावर पगडी आणि पायांत चाळ. हा नाच अंगणात, चहूबाजूंनी बसलेल्या गावकऱ्यांच्या मध्ये होत असल्यामुळे वेषाला दर्शनी आणि मागची अशी बाजू ठेवून चालत नसे. गिरकी घेताच फुलणारा घेर हाच त्याचा मुख्य अलंकार होता, आणि मशालीच्या तांबूस उजेडात पांढरे कापड दूरवरूनही उठून दिसे. पॅरिसमध्ये 1832 साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी तालिओनीने घातलेला पांढरा, तलम, घेरदार पोशाखही रंगमंचावरील गॅसच्या मंद उजेडात असाच खुलला होता. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही, परंतु हालचाल आणि प्रकाश यांनी दोन्हीकडे कापडाला सारखेच वळण लावले.

नमनातील सर्वांत लक्षवेधी वेष संकासुराचा. वेद चोरणारा आणि मत्स्यावताराच्या हातून मारला जाणारा हा असुर काळा पायघोळ झगा घालतो; चेहरा झाकणारी काळी, निमुळती, उंच टोपी, तिला जोडलेली पांढरी दाढी, बाहेर लोंबणारी लाल जीभ आणि कमरेला घुंगरांचा पट्टा असा त्याचा थाट असतो. चेहऱ्यावरचा अभिनय झाकला गेल्याने सारा भाव कमरेच्या झटक्यांतून आणि घुंगरांच्या नादातून प्रकट करावा लागतो, म्हणजे येथे वेषच नृत्याची शैली ठरवतो. काही गावांत संकासुराला नवसही बोलले जात असल्याने या वेषात सहसा कोणी फेरफार करत नाही.

1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होईपर्यंत दशावतार हे लोकनाट्यही याच जिल्ह्याचे होते. त्यातही संकासुर येतो आणि वेष व मुखवटे ठेवण्याच्या पेटाऱ्याची पूजा होते.

चाकरमान्यांबरोबर नमन मुंबईच्या नाट्यगृहांत पोचले, प्रेक्षक समोर आले, विजेचे दिवे आले आणि ड्रेपरीवाल्यांकडून, म्हणजे वेष भाड्याने देणाऱ्यांकडून, मखमली व टिकल्यांचे पोशाख येऊ लागले. ते झळाळतात खरे, पण गिरकीत फुलत नाहीत. नाचाच्या दृष्टीने साधा पांढरा झगाच सरस होता. त्याचे बेतणे आणि शिवणे जाणणारी माणसे गावांत आहेत तोवर कापडाचे माप, कळ्यांची जोडणी आणि शेला बांधण्याची रीत मंडळांनी लिहून व चित्रित करून ठेवावी.